ओट्यावरचा हात

आमच्या नात्यात, शेजारात म्हातारपणाविषयी एकच मागणं मागितलं जातं: हातीपायी धड असताना बोलावणं यावं. कुणाच्या दहाव्याला जाऊन परतताना रिक्षात हाच विषय निघतो. गेलेलं माणूस चालतं-बोलतं गेलं असेल तर ‘पुण्यवान हो’, वर्षभर अंथरुणावर काढून गेलं असेल तर ‘सुटलं बिचारं’. मीही म्हणते. साठी ओलांडल्यापासून जरा जास्तच मनापासून म्हणते. पण अलीकडे हे वाक्य तोंडातून गेलं की आतून कुणीतरी विचारतं, धड राहण्यासाठी तू स्वतः काय करतेस? आणि मी विषय बदलते.

विषय बदलता येत नाही, कारण देवाकडे आपण जे सोपवतो त्यातलं बरंचसं घोट्यात, पोटऱ्यांत, मांड्यांत आणि कानाच्या आत असतं. म्हातारी माणसं अंथरुणाला खिळतात ती नेहमीच मोठ्या आजाराने नाही. पुष्कळदा ती आधी पडतात. बाथरूममध्ये, उंबऱ्यात, पायपुसण्यात पाय अडकून. मग खुब्याचं हाड, मग ऑपरेशन, मग ते अंथरूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने दगावतात. आपल्याकडे अशा मरणाला पडणं हे नाव मिळत नाही. ‘वय झालं होतं’ एवढंच म्हणतात.

२०२२ साली ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोचे डॉ. क्लाउदिओ जिल आराउजो आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५१ ते ७५ वयाची १,७०२ माणसं. प्रत्येकाने एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. दुसरं पाऊल उभ्या पायाच्या पोटरीला मागून टेकवायचं, हात बाजूला, नजर समोर. कुठलाही पाय चालेल, तीन वेळा प्रयत्न करता येईल. पाचांतल्या एकाला ते जमलं नाही. पुढच्या सुमारे सात वर्षांत न जमलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, वय आणि आधीचे आजार हिशेबात धरूनही, ८४ टक्क्यांनी जास्त दिसला. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचं ‘आत्ताच करून पाहा, नाहीतर...’ झालेलं होतं. मी चहा उकळत ठेवून करून पाहिलं. उजव्या पायावर छान उभी राहिले. डाव्यावर मध्येच पाऊल खाली आलं. पण कुठलाही पाय चालतो ना? म्हणजे नियमाने मी उत्तीर्ण. माझ्या मनाने तो दाखला घेतला, घडी करून ठेवून दिला, आणि डाव्या पायाचं काय, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

त्या अभ्यासातून एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असं निघत नाही, हे खरं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार हेही जास्त होतं. डळमळणारा पाय हे बरेचदा आत चाललेल्या इतर गोष्टींचं चिन्ह असतं. हे सगळं मला माहीत होतं आणि या माहितीचा उपयोग मी कशासाठी केला, तर ‘अशा अभ्यासांवर फार विश्वास ठेवू नये’ असं स्वतःला सांगण्यासाठी. शहाणपण आळसाच्या कामाला लावायचं, ही माझी जुनी सवय आहे.

तोल म्हणजे काय हे नीट समजून घेतलं तेव्हा मात्र मी गप्प झाले. आपण सरळ उभे आहोत ही बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. डोळ्यांकडून; कानाच्या आतल्या भागातून, जिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळलं ते सांगतात आणि चुन्याचे सूक्ष्म खडे खाली कुठे, वर कुठे ते सांगतात; आणि तिसरी बातमी तळपायांच्या कातडीतून, घोट्याच्या सांध्यातून, स्नायूंतून वर जाते. वय वाढतं तशा तिन्ही बातम्या अंधूक होत जातात. तेव्हा आपण नकळत डोळ्यांवर जास्त विसंबतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधले डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी पाहिलं की ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे असे रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहतात, पण मिटले की झोकांडतात. तोंड धुताना डोळे मिटले की असे रुग्ण बेसिनवर कोलमडतात, ही खूण वैद्यकात पुढे प्रसिद्धच झाली. मला आमची न्हाणीघरं आठवली. ओली फरशी, तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले, आणि त्याच अवस्थेत वाकून बादलीतला तांब्या शोधायचा. रोम्बर्गची परीक्षा आपण रोज सकाळी देतो, तीही साबणाच्या पाण्यात उभं राहून.

इथे एक सांगून टाकते, कारण व्यायामाचं कौतुक करणारे लोक ते गाळतात. बी-१२ कमी असेल, साखर वाढून तळपाय बधिर झाले असतील, रक्तदाबाच्या गोळीने उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झोपेची गोळी चालू असेल, कानातले खडे जागचे हलून घर गरगर फिरत असेल, तर एका पायावर उभं राहण्याआधी डॉक्टरांसमोर बसावं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ची तपासणी लग्नाच्या वाढदिवसाइतकी तरी आठवणीने व्हायला हवी.

मी मुलींच्या शाळेत लंगडी खेळले आहे. चुन्याने आखलेल्या चौकोनात एका पायावर उड्या मारत, दम कोंडून, पळणाऱ्या मुलींना शिवायचं. श्रावणात मंगळागौरीला झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटा-पागोटा. फुगडीत गरगर फिरून हात सुटले की जग फिरतं आणि पाय मात्र जागेवर रोवावे लागतात. कानातल्या त्या नलिकांची याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही. माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, राजापूरकडच्या. पावसाळ्यात वहाळावरच्या साकवावरून, शेताच्या निसरड्या बांधावरून, डोक्यावर भारा घेऊन त्या चालल्या आहेत. पण म्हणून जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. त्याच साकवांवरून बायका पडल्याही आहेत, आणि पडल्यावर त्यांना नीट दवाखानासुद्धा मिळालेला नाही. पाटावर बसून जेवण्याने आणि उकिडवं बसून चूल फुंकण्याने गुडघे मजबूत झाले तसे झिजलेही. एवढं मात्र खरं की त्या आयुष्यात तोल वापरावाच लागे. माझ्या आयुष्यात तो कुठेच वापरावा लागत नाही. डायनिंग टेबल, कमोड, लिफ्ट, सपाट फरशी, गाडीचं दार थेट सोसायटीच्या पायरीला. हे सगळं मीच, हौसेने, कर्ज काढून उभं केलं. ज्या ज्या जागी डळमळायला होईल ती प्रत्येक जागा मी घरातून काढून टाकली, आणि मग पाय डळमळू लागले तेव्हा वयाला दोष दिला.

‘पण मी रोज चालते.’ हे माझं आवडतं उत्तर होतं. ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत मी आहे. आमचा गट आहे, गप्पा आहेत, शेवटी इडली आहे. हृदयाला, मनाला त्याचा फायदा आहेच. पण पडणं टाळण्याच्या बाबतीत नुसतं चालणं फारसं कामाला येत नाही, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सपाट रस्त्यावर, ओळखीच्या वाटेवर चालताना तोलाला आव्हानच नसतं. स्वीडनमधल्या काही संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट टिपली: वृद्धाश्रमातल्या ज्या व्यक्ती चालता चालता बोलायची वेळ आली की थांबून मगच बोलत, त्या पुढे जास्त पडल्या. ते वाचल्यावर मी आमच्या गटाकडे बघू लागले. रस्ता खणलेला आला की आमच्या गप्पा थांबतात. सगळ्यात आधी माझ्या.

मग काय करायचं असतं? जे करायचं ते इतकं साधं आहे की त्याची लाज वाटते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. चवड्यांवर उभं राहायचं, मग टाचांवर. एका पावलाच्या पुढे दुसरं, टाचेला अंगठा लावून, सरळ रेषेत चालायचं. आडवं चालायचं, मागे चालायचं. एका पायावर उभं राहायचं. आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग एका बोटाने, मग न धरता. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात नेमकं हेच घरोघरी जाऊन शिकवलं. १९९७ सालच्या त्यांच्या पहिल्या चाचणीतल्या २३३ बाया सगळ्या ऐंशी किंवा त्यापुढच्या. घोट्याला वजनं बांधून पायांचा व्यायाम, तोलाचा सराव, आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास. त्यांच्या सगळ्या चाचण्या एकत्र पाहता पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. त्याच्या आधी, १९९० साली, बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे चक्क जड वजनं उचलायला लावली. नऊ जणांनी शेवटपर्यंत केलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि टाचेला अंगठा लावून चालण्याचा वेग जवळपास दीडपट झाला. हे आकडे मला सगळ्यात बोचले, कारण ‘आता या वयात काय’ हे वाक्य मी पन्नाशीपासून वापरत आले आहे, आणि ते नव्वदीलाही खरं नव्हतं.

मी ओट्याशी सराव करते. दूध तापेपर्यंत डावा पाय, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा-चवडे. असं करताना एक दिवस लक्षात आलं की माझा हात ओट्याकडे जातो तो तोल गेल्यावर नव्हे, जाण्याच्या आधी. पाय अजून उभा असतो, घोट्यातले स्नायू आपलं काम करत असतात, बारीक थरथर चालू असते, आणि ती थरथर जाणवताक्षणी हात धाव घेतो. फिजिओथेरपिस्ट सांगतात की ती थरथर हाच व्यायाम आहे. घोटा तिथेच शिकतो. पण मला ती थरथर नको असते. इथून आयुष्याच्या तोलाबद्दल दोन वाक्यं लिहायचा मोह होतोय, तो आवरते. पायाचं पायापाशीच राहू दे. प्रश्न इतकाच आहे की ती थरथर थांबवायची मला एवढी घाई का होते. पडायची भीती म्हणावी, तर ओटा वितीवर आहे, मागे भिंत आहे. मग राहिली दिसण्याची भीती. स्वयंपाकघरात कुणी नसतं, तरीही. मी स्वतःला डळमळताना दिसू नये, एवढंच असावं.

दिसण्याचं आणखी एक आहे. २१ जूनला आमच्या गटाने तलावाकाठी वृक्षासनात फोटो काढला. मी छान दिसते आहे: हात वर जोडलेले, चेहऱ्यावर शांती. फोटोला एक क्षण पुरतो, आणि त्या क्षणात माझं कोपर शेजारणीच्या कोपराला टेकलेलं आहे हे मला माहीत आहे, इतर कुणाला दिसत नाही. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं ते अवाढव्य शिल्प आहे, गंगावतरणाचं म्हणतात किंवा अर्जुनाच्या तपाचं. त्यात एक हाडकुळा तपस्वी एका पायावर उभा आहे, हात उंच करून. आणि खालच्या बाजूला एक मांजर, अगदी तसंच हात वर करून तप करतंय, पायाशी उंदीर. पल्लवांच्या त्या शिल्पकाराला माणसं नीट कळली होती. फोटोखाली पन्नास अंगठे पडले तेव्हा मला ते मांजर आठवलं, आणि तरीही फोटो मी काढून टाकलेला नाही.

आधार घेणं म्हणजे कमीपणा, ही समजूतही माझ्या डोक्यात कुठून बसली कोण जाणे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, पट्टे हे सगळं आसनांत आणलं. ते स्वतः लहानपणी आजारांनी पोखरलेले होते, आणि शरीर जिथे आहे तिथून सुरुवात करायची हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यांच्या पद्धतीत खुर्ची धरून उभं राहणारा माणूस आसन करतच असतो. मी मात्र खुर्ची धरायची म्हटलं की आधी खिडकीचा पडदा ओढते. आमच्या बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवायची हे कधीचं ठरलं आहे, ती आईंसाठी म्हणून ठरली आहे. मिस्त्रीला उंची सांगताना मी आईंची सांगितली. स्वतःची उंची सांगायला जीभ वळली नाही.

आता आईंविषयी. त्या सत्त्याऐंशीच्या आहेत, आणि खरी परीक्षा माझ्या डाव्या पायाची नाही, त्यांची आहे. दिवसभर मी त्यांना एक वाक्य ऐकवत असते: ‘अहो आई, तुम्ही बसा.’ तुळशीला पाणी घालायला उठल्या, बसा. फोन घ्यायला उठल्या, बसा. ताटं मांडायला आल्या, बसा हो, मी करते ना. पाहुणे म्हणतात, सून असावी तर अशी. आणि माझं मन ती स्तुतीही घडी करून ठेवतं. पण माणसाला बसवून ठेवलं की मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात, आणि ठेच लागल्यावर पुढचं पाऊल वेळेत टाकणारे, जलद आकसणारे तंतू तर वयाने आधीच झडत आलेले असतात. मग उठणं अधिक धोक्याचं होतं, म्हणून आणखी बसा. हे चक्र प्रेमाने फिरतं, म्हणून ते कुणाला थांबवावंसं वाटत नाही.

मी स्वतःला विचारलं: तुला भीती कशाची आहे? त्यांच्या हाडांची की तुझ्या रात्रींची? प्रामाणिक उत्तर दोन्हींची, आणि दुसरी मी बोलून दाखवते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्या पडल्या तर हॉस्पिटलचं बिल, ब्युरोची बाई, बेडपॅन, माझं तलावपाळीला जाणं बंद. त्या बसून राहिल्या तर दुबळ्या होतील, पण हळूहळू होतील, कुणाच्या नजरेत न येता. आणि हळूहळू झालेल्या गोष्टीचा जाब कुणी सुनेला विचारत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण ‘तुम्ही बसा’ हे वाक्य मी कुणाच्या सोयीने म्हणते हे पाहायचं ठरवल्यावर अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नव्हता.

फिजिओथेरपिस्ट घरी येऊन दाखवून गेली आहे. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवायची, आईंनी तिच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या, मग आडवी चार पावलं, मग खुर्चीतून उठणं-बसणं. गाऊन घोट्याच्या वर, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, मी एका बाजूला, किंचित मागे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई हसल्या. ‘अगं, साकव ओलांडलाय मी भारा घेऊन. तुझी खुर्ची काय सांगतेस मला!’ पण केलं. आणि मला दिसलं की त्यांचा हात माझ्यासारखा आधी धावत नाही. त्या थरथरतात, थांबतात, वाट बघतात, मग धरतात. त्यांना डळमळण्याची लाज नाही. ज्या बाईला मी दिवसभर बसवून ठेवते तिच्याकडून मला हे शिकायला मिळावं, यात थोडं ओशाळणं आहे, पण ते असू दे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्याने सुटत नाही. २०१९ साली १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त माणसांचा आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात हे मोठं यश आहे. माझ्या हॉलमध्ये उभी असलेली बाई मात्र एकच आहे, आणि व्यायाम करूनही पडणारे पुष्कळ उरतातच. उद्या त्या खुर्चीशी उभ्या असताना पडल्या तर? नाशिकहून नणंदेचा फोन येईल, ‘वहिनी, या वयात कशाला गं लावलंस आईला हे?’ तेव्हा ओटागो विद्यापीठाचं नाव मी घेऊ शकेन का? बसून बसून पडल्या असत्या तर कुणी काही म्हणालं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन शक्यतांमध्ये माझं मन आजही दुसरीकडे झुकतं. म्हणून आईंना मी सरळ विचारलं की यात धोका आहे, करायचं की नाही ते तुम्ही सांगा. हे आधी कधी कुणी विचारलंच नव्हतं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुळशीला पाणी मी घालणार, तेवढं उठता यायला हवं. संध्याकाळी पाच वाजता खुर्ची लावू.